खांड तिथेच का पडते? खारेपाटातल्या एका बांधाचं आणि जुन्या टोपोशीटचं प्रकरण

अलिबाग तालुक्याचा धरमतर खाडीकडचा सपाट भाग म्हणजे खारेपाट. तिथल्या एका गावाचं हे प्रकरण. गावाचं नाव देत नाही, कारण अर्ज अजून टेबलांवरून फिरतो आहे. शिवाय या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांना हे आपलंच वाटेल.

परिस्थिती अशी. गावाची भातशेती खाडीपासून राखणारा मातीचा बांध आहे. पावसाळ्यात शेतातलं पाणी बाहेर सोडायला आणि भरतीचं पाणी बाहेरच अडवायला त्या बांधात उघाडी आहे. एका श्रावणातल्या उधाणाला उघाडीपासून थोड्या अंतरावर बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं. ती त्या वर्षी भरली गेली नाही, पुढच्याही वर्षी नाही. दिवसातून दोनदा खारं पाणी शेतात खेळायला लागलं. आधी भात गेलं, मग शेतांचे आतले बांध विरघळले, आणि त्यानंतर चिखलातून तिवरांची रोपं वर आली. आज खांडीच्या तोंडापाशी वीस-पंचवीस एकरांत डोक्यावरून उंच गेलेली तिवरं उभी आहेत. सातबाऱ्यावर तिथे अजूनही भात आहे.

एके काळी अशी खांड तिसऱ्या दिवशी दिसली नसती. खारेपाटात जोळ, म्हणजे गावाने मिळून बांध राखायची रीत, होती: खांड पडली की ओहोटीची वेळ धरून घरटी माणूस बाहेर पडायचा आणि चिखलाची ढेकळं हातोहात खांडीत जायची. त्याच्याही आधी शिलोत्रदार आणि खोत बांधाच्या नावाने धान्य वसूल करायचे, म्हणजे निदान कागदावर तरी बांधाला धनी होता. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळं मालक झाली, आणि ते व्हायलाच हवं होतं. याच टापूतल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप करून त्याची किंमत आधीच मोजली होती. पण शेतं वाटली गेली, बांध कुणाच्याच वाट्याला आला नाही. खारभूमी विकासाचा १९७९ चा कायदा झाला, योजना शासकीय आणि खासगी अशा दोन खात्यांत गेल्या. खासगीत पडलेल्या बांधांची डागडुजी गावाने करायची, आणि गावातली तरणी माणसं तर रोज सकाळी कामावर जायला गाडी पकडतात.

गावाने दुरुस्तीची मागणी केली तेव्हा कार्यालयाकडून उलटा सवाल आला. ही भरतीच्या पाण्याखालची, कांदळवनाची जागा आहे. इथे बांध होता याला पुरावा काय, आणि होता तर केव्हापासून?

यातला ‘केव्हापासून’ फार मोलाचा आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधी बांध किंवा उघाडी घातलेली असेल, तर भरतीरेषा त्या बांधाच्या ओळीपाशीच थांबते, आत गावात शिरत नाही. म्हणजे जुना बांध सिद्ध झाला की गावाची बरीच शेतं नियमनाच्या बाहेर राहतात. मात्र त्याच तरतुदीत पुढची मेख आहे: बांधाच्या आत खारं पाणी शिरून कांदळवन उगवलं असेल, तर ते कितीही लहान असो, सगळ्यात कडक वर्गात धरलं जातं. आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने खासगी जमिनीवरच्या कांदळवनालाही हात लावता येत नाही. गावातल्या कुणी हे दोन मुद्दे वेगळे करून वाचलेच नव्हते. सगळ्यांना वाटत होतं, बांध सिद्ध केला की जेसीबी आणायची मोकळीक.

गावाकडे पुरावा म्हणून सातबारे होते, पट्टी भरल्याच्या पावत्या होत्या आणि गावनकाशा होता. यातलं काहीच बांधाबद्दल बोलत नाही. सातबारा शेताचा असतो, बांधाचा नसतो. मग गावातल्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने जुनं टोपोशीट, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचं नकाशापत्रक, शोधून आणलं. एका इंचाला एक मैल, स्वातंत्र्यापूर्वीच्या पाहणीवरचं. किनाऱ्यालगतची ही पत्रकं कित्येक दशकं संरक्षणाच्या कारणाने बंधनात होती. ज्या गावाचा नकाशा, त्याच गावाला तो बघायची चोरी. २००५ च्या नकाशा धोरणाने आणि पुढे १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती परिस्थिती बरीच पालटली. त्यानंतर मला तो नकाशा वाचायला बोलावलं गेलं.

पत्रकावर काय दिसतं

पहिली अडचण भूगोलाचीच. खारेपाटाच्या मधूनच ७३ अंश पूर्व रेखावृत्त जातं, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची पत्रकं नेमकी त्या रेषेवर कापलेली आहेत. पश्चिमेला ४७ बी/१४, पूर्वेला ४७ एफ/२. गाव सांध्यावर असलं की दोन्ही कागद जोडून बघावे लागतात, आणि दोघांची पाहणी एकाच हंगामातली असेल असं धरून चालता येत नाही. समासात बारीक अक्षरांत पाहणीचं साल असतं. ठळक छापलेलं साल बहुधा आवृत्तीचं असतं. पुराव्याला पाहणीचं साल लागतं, आणि अर्जदार हमखास दुसरं लिहितात.

दुसरी गोष्ट बघणाऱ्याला चमत्कारिक वाटते. टोपोशीट म्हटलं की लोक उंचीच्या तपकिरी रेषा शोधतात. इथे त्या कनकेश्वर आणि सागरगडच्या डोंगरांवर दाटीने आहेत आणि डोंगराचा पायथा संपला की थांबतात. त्या पत्रकावर दर ५० फुटांना एक रेषा. सगळा खारेपाट पहिल्या रेषेच्या खाली. शेत भरतीच्या पाण्यापेक्षा वर आहे की खाली, हा ज्या गावाच्या जिवाचा प्रश्न, त्यावर उंचीचा नकाशा गप्प आहे.

(त्यावरून एक सावधगिरी. वर्तमानपत्रात ‘आज साडेचार मीटरची भरती’ असं येतं, ते नकाशातल्या उंचीशी थेट ताडू नये. भरतीचा आकडा जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजतात, नकाशाची उंची सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईला या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती नकाशाच्या हिशेबाने दोनेक मीटरचीच.)

बाकीचं मात्र पत्रक भरभरून सांगतं, भिंग हातात असेल तर. डोंगराकडून खाडीकडे येताना पिवळा रंग, म्हणजे लागवडीखालची जमीन. तिच्यात लाल ठिपक्यांचे पुंजके, म्हणजे घरं. प्रत्येक पुंजक्याला चिकटून एक निळं तळं. खारेपाटात विहिरीला खारं पाणी लागतं म्हणून पिण्याचं पाणी तळ्यांत साठवायचे. पुढे त्यातल्याच तळ्यांत जिताडा मासा पोसला गेला. पिवळ्या रंगाच्या कडेने दातेरी काळी रेघ जाते. तो बांध. तिच्या शेजारी एक इवलासा आकडा आणि त्याला चिकटलेलं इंग्रजी ‘आर’ अक्षर. ती समुद्रपातळीपासूनची उंची नव्हे, शेजारच्या जमिनीपासून बांध किती वर आहे त्याचं माप, आणि त्या काळच्या पत्रकावर ते फुटांत आहे. आकडा ५. पाच फुटी मातीचा बांध, मोजणीदाराने जवळ उभं राहून नोंदलेला. कार्यालयाच्या पहिल्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं होतं.

उघाडी मात्र नावाने दाखवलेली नाही. ती ओळखायची कशी? खाडीचा फाटा बांधाच्या बाहेर दुहेरी काठांचा आणि रुंद काढला आहे, काठाला चिखलाचे ठिपके आहेत. काळ्या रेघेला तो एके ठिकाणी भिडतो आणि पलीकडे एकदम एक केसाएवढी निळी रेघ होऊन निघतो. भरती त्या जागी थांबत होती, एवढंच त्यातून कळतं; पण भरती थांबते आणि पाणी मात्र जातं अशी बांधातली जागा उघाडीचीच असते.

शंभर मीटरचा घोळ

मुलाने नकाशा मोबाइलवरच्या उपग्रहचित्रावर चढवला होता. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश भरले, कागद बसला. आणि जुना बांध आजच्या खाडीच्या पाण्यात पडला.

गावात खळबळ. एक तात्या, ज्यांचं बरंच क्षेत्र खांडीच्या आसपास आहे, ते म्हणाले, “शंभर मीटर जमीन खाल्ली खाडीनं. लिव बाला अर्जात.” अर्जाचा मसुदा तयारही झाला.

गोम इतकीच होती की त्याच चित्रात डोंगरावरचं देऊळही शंभरेक मीटर सरकलं होतं, त्याच दिशेला. खाडी देऊळ खात नाही. जुन्या पत्रकांचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणितावर, मोजलेले आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ या नव्या गणितावर चालतो. रूपांतर न करता आकडे भरले की या भागात शंभर मीटरच्या थोडं वर फरक पडतो. रूपांतर करून, शिवाय जुनी देवळं आणि पायथ्याच्या वाटांचे तिठे यांच्याशी जुळवून कागद पुन्हा बसवला तेव्हा बांधाची काळी रेघ आजच्या पडक्या बांधावर बहुतेक लांबीत चपखल बसली. एका वळणावर तेवढी जुनी रेघ खाडीकडे पुढे होती. तिथे कधीतरी बांध मागे घेतलेला आहे. खाडीने खरोखर खाल्लेली जमीन ती, आणि मसुद्यात लिहिल्याच्या मानाने ती अगदीच चिंचोळी निघाली. मसुदा फाडला, हे बरं झालं. असा अर्ज गेला असता तर पडताळणीत पहिल्या दिवशी उघडा पडला असता आणि त्याच्यासोबत खरा पुरावाही.

आता तारखेचं. स्वातंत्र्यापूर्वी बांध होता म्हणजे १९९१ साली होता, असं सिद्ध होत नाही. मधला दुवा लागतो. एक दुवा त्याच भागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नंतरच्या पत्रकाने दिला. त्यावरही बांध आहे. दुसरा उपग्रहचित्रांनी. लँडसॅट उपग्रहांची १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली चित्रं फुकट मिळतात. एक ठिपका ३० मीटरचा, त्यामुळे बांध त्यात दिसत नाही. पण उन्हाळ्यातल्या चित्रात अवरक्त पट्टा वापरला की हिरवी तिवरं लालभडक दिसतात आणि कापणी झालेली शेतं फिकट. बांधाच्या बाहेर लाल पट्टी, आत फिकट कोरडी जमीन. दोन्ही एकत्र ठेवल्यावर शंकेला जागा राहिली नाही. आतली तिवरं खांडीनंतरचीच.

आणि मग ती वळणाची रेघ

इथपर्यंत जे झालं ते कुठल्याही बऱ्या अभ्यासकाने केलं असतं. या प्रकरणात मला जे महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं, आणि ते गावाने विचारलेलंच नव्हतं.

इंचाला मैलाच्या पत्रकावर, बांधाच्या आत गेलेली ती केसाएवढी निळी रेघ सरळ गावाकडे जात नाही. ती उघाडीतून आत शिरते, कोयत्याच्या पात्यासारखी वळते आणि परत बांधाकडे येऊन त्याला टेकते. टेकते आणि तिथेच संपते. बांधाच्या पलीकडे, त्याच रेषेत, खाडीच्या काठाला एक बोथट खोबण आहे. अर्थ उघड आहे. बांध घालण्याआधी खाडीचं एक वळण इथून आत येऊन पुन्हा बाहेर जात होतं. बांधाने ते वळण दोन ठिकाणी ओलांडलं. एका ठिकाणी उघाडी बसवली, दुसऱ्या ठिकाणी नुसतीच माती भरून तोंड बुजवलं.

खांड पडली आहे ती नेमकी त्या बुजवलेल्या तोंडाशी.

नंतरच्या ५०,००० च्या पत्रकावर हे वळण नाही. तोवर ते शेतांत मिसळून गेलं असणार. म्हणजे पुरावा म्हणून कमी कामाचा ठरलेला जुना कागदच हे सांगू शकला. गावात विचारलं तर एक आजी लगेच म्हणाल्या, “तिथं आमचे सासऱ्याचे वखताला पन खांड गेल्ती. त्या शेताला आमी जुनी खाडी बोलतो.” हे त्यांना कुणी आजवर विचारलं नव्हतं, कारण दुरुस्तीच्या बैठकीला पुरुष बसतात.

गावाचं आजवरचं निदान वेगळं होतं: उघाडीची झडप नादुरुस्त, चिंबोऱ्यांची (खेकड्यांची) बिळं, मोठ्या खाडीतल्या बार्जच्या लाटा. यातलं काहीच खोटं नाही. पण बार्ज या फाट्यात येत नाहीत, आणि चिंबोऱ्या सगळ्या बांधाला बिळं पाडतात. खांड मात्र एकाच जागी जाते. जुन्या प्रवाहाच्या पात्रात साठलेला गाळ मऊ आणि पाण्याने भरलेला असतो. त्यावरचा बांध वर्षागणिक खचतो, म्हणून उधाणाचं पाणी सगळ्यात आधी तिथूनच वरून जातं. शिवाय खालच्या गाळातून झिरपा होतो. आतल्या बाजूने पावसाचं पाणी तर अजूनही जुन्या सखलातूनच वाट काढतं आणि नेमकं त्याच कोपऱ्यात तुंबतं. दोन्ही बाजूंनी मार, आणि खाली भुसभुशीत पाया. तिथे कितीही वेळा माती टाकली तरी ती पुढच्या खांडीची तयारी आहे.

म्हणून दुरुस्तीचा प्रस्ताव बदलावा लागला. जुन्याच रेषेवर खांड बुजवली असती तर दोन गोष्टी झाल्या असत्या. एक, बांध पुन्हा त्याच गाळावर बसला असता. दुसरी, भरती अडली की आतली तिवरं मरणार. तोडणं आणि पाणी तोडणं यांत कायदा फारसा फरक करत नाही. त्याऐवजी तिवरांचा तेवढा तुकडा खाडीकडे सोडून, मागच्या टणक जमिनीवरून नवा बांध घ्यायचा, आणि तो जुन्या वळणाला जिथे ओलांडेल तिथे मातीचा भराव न घालता दुसरी उघाडी ठेवायची, असा आराखडा निघाला. नव्या बांधाच्या आतली शेतं लगेच पिकणार नाहीत; दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जायला लागतात, तोवर रात्यासारखं खारं सोसणारं जुनं भात किंवा पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे वाण रहू टाकून, म्हणजे मोड आलेलं बी फेकून, घ्यायचे. तांत्रिकदृष्ट्या मला यात खोट दिसत नाही.

खोट माणसांच्या हिशेबात आहे. वीस-पंचवीस एकर बाहेर जातात, आणि ते काही मोजक्या घरांचे आहेत. त्यांची जमीन कुणी संपादित केलेली नाही, तिच्यावर नांगरही घालता येत नाही. बाकी गावाची शेती वाचावी म्हणून त्यांनी सही करायची. तात्या त्यांतलेच. त्यात भर म्हणजे, बांधाच्या दुसऱ्या टोकाला खाडीच्या बाजूचा एक तुकडाही आपली बुडालेली शेती म्हणून ते सांगत आले होते. जुन्या आणि नंतरच्या, दोन्ही पत्रकांवर तिथे बांधाबाहेरचं खाजण, म्हणजे भरतीखालची दलदल, दाखवलं आहे. “मग हा नकाशा जोडू नका,” असं त्यांनी ग्रामसभेत सांगून पाहिलं. ते जमणार नव्हतं. एकच कागद बांधापुरता खरा आणि खाजणापुरता खोटा कसा ठरवणार? पण तिवरांत गेलेल्या शेतांबद्दल त्यांचा राग रास्त आहे, आणि तो नकाशाने मिटत नाही.

मिटू शकतही नाही, कारण हद्दीच्या वादाला टोपोशीट कुचकामी आहे. त्या प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर ३२ मीटर. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस, १,०८९ चौरस फूट. नकाशावर त्याची बाजू मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी होते, पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते. कुणाचे किती गुंठे तिवरांत गेले हे फक्त गावनकाशा, टिपणं (शेताच्या मोजणीच्या जुन्या नोंदी) आणि जागेवरची मोजणी सांगेल. इंचाला ६६० फुटांच्या गावनकाशावर त्या शेतांच्या हद्दी स्वच्छ आहेत.

ग्रामसभेने शेवटी एकाच ठरावात दोन मागण्या घातल्या: मागच्या रेषेवर नवा बांध दोन उघाड्यांसह, आणि बाहेर राहणाऱ्या प्रत्येक गटाची संयुक्त मोजणी करून सातबाऱ्यावर नोंद, म्हणजे पुढे मोबदल्याचा प्रश्न आला तर क्षेत्रावरून तरी भांडण नको. पहिल्या मागणीला दोन्ही पत्रकं आणि उपग्रहचित्र जोडलं आहे, दुसरीला टिपणांच्या नकला. पहिली पुढच्या कार्यालयात गेली आहे. दुसरी अडली ती पाण्याने. मोजणीची तारीख मिळाली ती ऐन अमावास्येची, भर उधाणाची. हद्दीचे दगड चिखलात आणि माणसं मांडीभर पाण्यात, अशी मोजणी होत नाही. आता अष्टमीच्या आसपासची, भांगाची, म्हणजे भरती कमी चढते तेव्हाची तारीख मागितली आहे.